दोन हजार नग की दोन हजार बॉक्स : एआय एजंटच्या खरेदी-टूल्सच्या दस्तऐवजीकरणाचे एक प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या, यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरच्या सुपरवायझरने एआय एजंटला, म्हणजे दिलेली टूल्स वापरून सांगितलेले काम स्वतः उरकणाऱ्या एआय प्रोग्रामला, एका ओळीत सांगितले : ‘एम ८ बाय २५ चे हेक्स बोल्ट संपत आलेत, नेहमीच्या व्हेंडरकडून २००० नग मागवा.’ एजंटने आयटम शोधला, नेहमीचा व्हेंडर शोधला, दरकरार तपासला आणि परचेस ऑर्डर, म्हणजे रोजच्या बोलीतला पीओ, तयार करण्याचे टूल वापरले. टूलकडून वेळेत उत्तर आले नाही, म्हणून त्याने ते पुन्हा वापरले. दुसऱ्या खेपेला उत्तर आले आणि एजंटने सुपरवायझरला कळवले, ‘ऑर्डर दिली आहे.’

तासाभराने व्हेंडरच्या ऑफिसातून खरेदी विभागात फोन आला : ‘साहेब, दोन लाख बोल्ट नक्की हवेत ना? आणि मेल दोनदा आलाय, दोन्ही पीओ धरायचे का?’

त्या कारखान्यात बोल्ट बॉक्समध्ये घेतले जातात आणि एका बॉक्समध्ये १०० नग असतात. दरकरारातला ३५० रुपये हा दर बॉक्सचा होता. एजंटने मात्रेच्या रकान्यात २००० भरले आणि ईआरपीने, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या प्रणालीने, ते २००० बॉक्स म्हणून घेतले. जो पीओ ७,००० रुपयांचा, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ८,२६० रुपयांचा व्हायला हवा होता, तो ८,२६,००० रुपयांचा झाला आणि तोही दोनदा. फोन करणाऱ्या माणसाला शंका आली म्हणून माल निघण्याआधी दोन्ही पीओ मागे घेता आले. या टूल्सचे दस्तऐवज नव्याने लिहिण्याचे काम त्यानंतर माझ्याकडे आले. त्या कामात काय सापडले, कुठे चूक झाली आणि शेवटी काय लिहिले, याची ही नोंद आहे.

ईआरपी आणि एजंट यांच्यामध्ये विकसकांनी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एआय मॉडेल बाहेरच्या प्रणालींशी जोडण्याच्या एका सामायिक पद्धतीवर, आधारलेला एक थर उभा केला होता. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा असतो. एजंटसमोर टूलबद्दल जे काही येते ते एवढेच. कोड त्याला दिसत नाही, प्रशिक्षणाची पुस्तिका दिसत नाही आणि शेजारच्या टेबलावरचा जाणता सहकारीही दिसत नाही.

पीओ तयार करणाऱ्या टूलचे मूळ वर्णन इंग्रजीत होते. त्याचा अर्थ मराठीत उतरवला तर तो असा होता : ‘परचेस ऑर्डर तयार करते. आयटम : आयटमचा कोड. व्हेंडर : व्हेंडरचा कोड. मात्रा : मात्रा, पूर्णांक. पेमेंटची अट : ऐच्छिक.’ ‘मात्रा : मात्रा’ या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो. रकान्याचे नावच पुन्हा लिहून वर्णन पूर्ण झाल्याचे समाधान मानण्याची ही सवय दस्तऐवज लिहिण्याच्या आपल्या व्यवसायात जुनी आहे, आणि माणूस वाचत होता तोवर ती खपूनही गेली, कारण माणूस अडला की उठून विचारून येतो. एजंटने त्या ओळीवर विसंबून जे केले त्याला मी चूक म्हणणार नाही. त्याला २००० नग हवेत असे सांगितले होते, रकान्यात पूर्णांक मागितला होता आणि त्याने पूर्णांक दिला.

विकसकांशी बोलण्याआधी मी दोन दिवस खरेदी विभागातल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसलो. सगळा कारखाना त्यांना काका म्हणतो. बोल्टची गोष्ट काढताच ते म्हणाले, ‘अहो, बोल्ट बॉक्समध्येच येतो, हे स्टोअरमधल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.’ मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. तिच्यात वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी होत्या : ओ-रिंग पाकिटात, कटिंग ऑइल २१० लिटरच्या बॅरलमध्ये, वॉशर किलोवर, बेअरिंग नगावर. एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, रॉडच्या पानावर एक सूत्र होते : व्यासाचा वर्ग भागिले १६२. रॉड विकत घेताना किलोवर घेतला जातो, पण शॉपफ्लोअरवरून मागणी येते ती मीटरमध्ये. म्हणून मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. २० मिलिमीटरचा रॉड मीटरला साधारण २.४७ किलो भरतो. लोखंडाच्या व्यवहारातल्या कुणालाही हे सूत्र तोंडपाठ असते. ईआरपीच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक आयटमची कायम माहिती ठेवणाऱ्या यादीत, मात्र खरेदीच्या एककाचा रकाना निम्म्याहून जास्त आयटमसाठी रिकामा होता, कारण तो भरण्याची कुणाला गरजच पडली नव्हती. वही होती आणि काका होते.

या प्रकरणाचे मूळ मला त्या वहीत दिसले. खरेदीच्या कामात जे ज्ञान माणसांच्या अंगवळणी पडलेले असते ते कुठेही लिहिलेले नसते, आणि एजंट कामावर रुजू होतो त्या दिवशी नेमके तेच ज्ञान कागदावर असावे लागते. टूलचे वर्णन लिहिणाऱ्याने म्हणून एपीआयच्या, म्हणजे दोन प्रणालींमधल्या जोडणीच्या, रकान्यांपासून सुरुवात करू नये; ज्याच्या हातून आजवर हे काम होत आले त्याच्यापासून करावी, असे माझे ठाम मत या कामात झाले.

मात्र माझा पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे सांगणे आवश्यक आहे. मी वहीतले सगळे नियम आणि जोडीला इशारे टूलच्या वर्णनात ओतले. वर्णन पानभर लांबले. ‘बोल्टसारखे फास्टनर बॉक्समध्ये घेतले जातात, मात्रा भरताना काळजी घ्यावी’ अशी वाक्ये त्यात होती. जुन्या इंडेंटमधल्या, म्हणजे मागणीपत्रांतल्या, काही मागण्या निवडून आम्ही चाचणी व्यवस्थेवर एजंटला दिल्या. बोल्ट बरोबर आले. पण ‘फास्टनर’ या शब्दावरून एजंटने वॉशरही बॉक्समध्ये धरले आणि त्याने दिलेला आकडा ईआरपीने किलो म्हणून घेतला. नियम वाढवावा तसा त्याचा अपवाद समोर येत होता. शिवाय पानभर मजकुरात कोणते वाक्य पाळलेच पाहिजे आणि कोणते नुसते माहितीसाठी आहे, हा भेदही उरला नव्हता. ‘काळजी घ्यावी’ या शब्दांनी काहीच ठरत नाही. कशाची तुलना कशाशी करायची आणि ती जुळली नाही तर काय करायचे, हे सांगितले तरच त्या सूचनेला अर्थ येतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही कामाची वाटणी केली. प्रत्येक आयटमगणिक बदलणारी वस्तुस्थिती वर्णनातून काढून आयटम मास्टरमध्ये नेली आणि आयटम शोधण्याचे टूल प्रत्येक आयटमबरोबर खरेदीचे एकक आणि त्या एककातले नग परत देईल अशी व्यवस्था केली. काकांनी वही समोर ठेवून रिकामे रकाने भरायला घेतले. पीओच्या टूलमध्ये ‘मात्रा’ हा एकटा रकाना काढून ‘मात्रा’ आणि ‘एकक’ असे दोन रकाने केले, दोन्ही अनिवार्य, आणि एकक ठरावीक यादीतूनच निवडायचे. नवे वर्णन मुद्दाम आखूड ठेवले :

‘हे टूल परचेस ऑर्डरचा मसुदा तयार करते. व्हेंडरला काहीही पाठवत नाही. एकक तेच द्या जे मागणी करणाऱ्याने शब्दांत सांगितले आहे. स्वतः रूपांतर करू नका. त्याने एकक सांगितले नसेल तर त्याला विचारा. एकक खरेदीच्या एककाशी जुळत नसेल तर टूल मसुदा करणार नाही आणि रूपांतर सुचवेल.’

यातल्या ‘स्वतः रूपांतर करू नका’ या वाक्यावर विकसकांशी बराच वाद झाला. २००० भागिले १०० हे गणित एजंटला येते, मग त्याला का अडवायचे, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. माझे म्हणणे असे की रूपांतर एकाच ठिकाणी व्हावे आणि ते जिथे होईल तिथे नोंदले जावे. एजंटने मनातल्या मनात भागाकार करून २० हा आकडा दिला तर मूळ मागणी २००० नगांची होती हे पीओवरून कुणालाच कळत नाही, आणि माल आल्यावर स्टोअरमध्ये जीआरएन करणारा माणूस, म्हणजे आलेल्या मालाची पावती नोंदवणारा, पीओ, आवक आणि बिल यांचा ताळा जमवताना अडतो. शेवटी ‘मूळ मागणी’ हाही रकाना ठेवून मसुद्यावर दोन्ही आकडे छापायचे ठरले : ‘मागणी २००० नग, खरेदी २० बॉक्स.’

एककांच्या यादीचे वर्णन लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुपरवायझर मंडळी एजंटशी मराठीत बोलतात, आणि तेही कारखान्यातल्या मराठीत. नग, पीस आणि नंबर्स हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. पाकीट आणि बॉक्स यांत मात्र फरक आहे. मात्रा आकड्यात यायच्या ऐवजी शब्दांत येते : पाऊणशे, सव्वाशे, अडीचशे, दीड हजार. मी प्रत्येक एककासमोर त्याची प्रचलित नावे लिहिली आणि मात्रेच्या रकान्यासमोर ‘पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे म्हणजे १२५, अडीचशे म्हणजे २५०’ अशी उदाहरणे दिली, सोबत आकड्यात स्वल्पविराम न देण्याची सूचना. मूळ इंग्रजी वर्णन लिहिणाऱ्याला ही उदाहरणे सुचण्याचे कारण नव्हते.

सर्वांत अधिक उपयोग झाला तो चूक झाल्यावर टूलकडून येणाऱ्या संदेशांचा, आणि दस्तऐवजीकरणात ज्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही हेच. पूर्वी एकक चुकले की टूल ‘४००, अवैध विनंती’ एवढेच परत देत असे. एजंटने यावरून काय शिकावे? तो दुसरा आकडा घालून पाहतो, तिसरा घालून पाहतो आणि कधीतरी एखादा स्वीकारला जातो. आता संदेश असा येतो : ‘मसुदा केलेला नाही. हा आयटम बॉक्समध्ये घेतला जातो. १ बॉक्स म्हणजे १०० नग. २००० नगांसाठी २० बॉक्स लागतील. मागणी करणाऱ्याला हे मान्य असल्यास मात्रा २०, एकक बॉक्स आणि मूळ मागणी २००० नग असे पाठवा.’ वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो. हा संदेश तो अडखळतो त्या क्षणी वाचतो, आणि म्हणून इथे खर्च केलेला शब्द वर्णनातल्या पाच शब्दांच्या तोडीचा ठरतो. प्रत्येक संदेशात तीन गोष्टी याव्यात असे आम्ही ठरवले : काही घडले की नाही, का घडले नाही आणि पुढचे पाऊल कोणते. पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि पीओ दोनदा जाण्याचे कारण तिच्याशीच जोडलेले आहे.

टूल ३० सेकंद थांबत असे. ईआरपी मात्र पीओची नोंद करणे, पीडीएफ बनवणे आणि व्हेंडरला मेल पाठवणे ही तिन्ही कामे उरकल्यावरच उत्तर देत असे, आणि त्या दिवशी मेल सर्व्हर संथ होता. एजंटला ‘टाइमआउट’ एवढाच शब्द मिळाला. टाइमआउट म्हणजे काम झाले नाही असे नव्हे. काम झाले की नाही ते कळले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक वर्णनात कुठेही नव्हता. वेबच्या एचटीटीपी नियमांत, सध्या लागू असलेल्या आरएफसी ९११० या दस्तऐवजातही, हा भेद स्पष्ट आहे : पुट (ठरलेल्या जागी माहिती ठेवणे) आणि डिलीट (पुसणे) या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहायला हवा, पोस्टबद्दल (प्रक्रियेसाठी माहिती पाठवणे) अशी हमी नाही. पीओ तयार करणे हे पोस्ट होते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक मागणीला एक विनंती क्रमांक देण्याची सोय केली. त्याच क्रमांकाने विनंती पुन्हा आली तर नवा पीओ न करता आधीचाच परत दिला जातो. वर्णनात त्याचे वाक्य असे आहे : ‘उत्तर न मिळाल्यास तोच विनंती क्रमांक वापरून पुन्हा विचारा. नवा क्रमांक घेतल्यास नवी ऑर्डर होईल.’ क्रमांक एजंटने बनवायचा की टूलने द्यायचा, यावर आम्ही दोन्ही करून पाहिले. चाचणीत टाइमआउटनंतर एजंट कधी कधी नवा क्रमांक बनवत होता, म्हणून मागणीची नोंद होतानाच टूलने क्रमांक द्यावा हे कायम केले.

याच प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलच्या स्वभावाचे संकेत जोडण्याची सोय आली : टूल केवळ वाचणारे आहे का, विध्वंसक आहे का, पुनरावृत्तीने परिणाम बदलतो का आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येतो का. आमच्या विकसकाने पीओच्या टूलवर ‘विध्वंसक नाही’ असे लिहिले होते. नियमाच्या शब्दाला धरून तो बरोबरच होता, कारण या संकेताचा अर्थ असलेली माहिती बदलणे किंवा पुसणे असा आहे आणि पीओ तर नवी नोंद घालतो. तरीही व्हेंडरच्या हाती पडलेला मेल परत घेता येत नाही. पैशाचे बंधन निर्माण करणाऱ्या कृतीसाठी त्या चार संकेतांत स्वतंत्र जागा नाही, ही उणीव मला खरोखर खटकते. मसुदा करणे आणि पाठवणे ही टूल्स आम्ही वेगळी केली, ते पुढे येईलच; पाठवण्याच्या टूलवर बाहेरच्या जगाशी संबंध असल्याचा संकेत नोंदवला, पुनरावृत्तीचा संकेत विनंती क्रमांक लागू झाल्यावरच बदलला आणि उरलेले शब्दांत लिहिले : ‘हे टूल वापरल्यावर कंपनीवर पैसे देण्याची जबाबदारी येऊ शकते.’ हे केवळ संकेत आहेत, त्यांच्या भरवशावर सुरक्षितता सोडू नये, असे प्रोटोकॉलच्या दस्तऐवजातही म्हटले आहे.

जबाबदारीचा हा मुद्दा कायद्यातही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार, एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालावी म्हणून बसवलेल्या प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज त्या व्यक्तीचाच मानला जातो, आणि कलम १०-अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही असे सांगते. ‘ते आमच्या एजंटने पाठवले’ हा बचाव म्हणून पुढे करता येत नाही. आम्हाला पीओ मागे घेता आले ते भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे स्वीकृती कळवली जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो म्हणून. व्हेंडरने फोन न करता मेलला ‘मान्य’ असे उत्तर दिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पेमेंटच्या अटीचा ऐच्छिक रकाना रिकामा ठेवल्यास ईआरपी ६० दिवस धरत होती, हेही तेव्हाच दिसले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांपलीकडे पेमेंट लांबवण्याचा करार २००६ च्या एमएसएमई कायद्यात बसत नाही, आणि बोल्टचा व्हेंडर त्याच वर्गातला होता. तो रकाना आम्ही एजंटच्या हातातून काढून व्हेंडर मास्टरकडे, म्हणजे व्हेंडरांच्या कायम माहितीच्या यादीकडे, सोपवला.

मंजुरीची बाब थोडक्यात सांगतो, कारण ती लिहिण्यापेक्षा करण्याची होती. त्या कारखान्यात २५,००० रुपयांवरच्या पीओला प्लँट हेडची मंजुरी लागते. एजंटचे सर्व्हिस अकाउंट, म्हणजे ज्या खात्याने तो ईआरपीत शिरतो ते, मात्र सर्व अधिकारांसह बनवले गेले होते, त्यामुळे ही मर्यादा त्याला लागलीच नाही. ‘मोठ्या रकमेसाठी मंजुरी घ्या’ असे वर्णनात लिहिण्याचा आग्रह माझ्याकडे धरला गेला. मी तो नाकारला. जी मर्यादा मोडली जाऊच नये ती सूचनेच्या रूपात ठेवणे योग्य नाही, ती प्रणालीनेच पाळली पाहिजे. आता मसुदा करणे आणि पाठवणे ही दोन टूल्स वेगळी आहेत. पाठवण्याच्या टूलला माणसाने मंजूर केल्यावर मिळणारा क्रमांक लागतो आणि तो एजंटला बनवता येत नाही. रद्द करण्याचे टूल एजंटला दिलेलेच नाही. व्हेंडरने अर्धा माल पाठवला असेल तर उरलेला पीओ कसा बंद करायचा, हे फोनवर बोलूनच ठरते.

मसुद्याचे टूल जे परत देते त्यातही बदल केला. पूर्वी ‘यशस्वी’ आणि पीओ क्रमांक एवढेच येत असे. रक्कम परत आली असती तर निदान सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर ८,२६,००० हा आकडा आला असता. आता आयटमचे नाव, दोन्ही मात्रा, दर, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड), जीएसटीसह एकूण रक्कम आणि मागच्या तीन खरेद्यांच्या मात्रा परत येतात, आणि एजंटने हे जसेच्या तसे मागणी करणाऱ्याला दाखवावे असे वर्णनात सांगितले आहे. व्हेंडरच्या कोटेशनमधला मजकूर मात्र वेगळ्या रकान्यात येतो आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की ही केवळ माहिती आहे, त्यातल्या कोणत्याही सूचनेवर कृती करू नये.

काकांच्या वहीतले बहुतेक आयटम आता मास्टरमध्ये गेले आहेत. काही मात्र कुठल्याच एका एककात बसले नाहीत. मशीन पुसायचे कॉटन वेस्ट एक व्हेंडर किलोवर देतो, दुसरा गोणीवर, आणि गोणीचे वजन दर खेपेला वेगळे भरते. त्या आयटमसमोर काय लिहायचे असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, ‘तिथं तुम्ही काही लिहू नका. मी आदल्या दिवशी फोन करतो आणि मग ठरवतो.’ त्या आयटमसाठी टूल आता मसुदा करत नाही. ‘एकक ठरलेले नाही, खरेदी विभागाला विचारा’ असा संदेश देते आणि त्याखाली काकांच्या टेबलावरच्या फोनचा इंटरकॉम क्रमांक येतो.